जुन्या मोटारींची खरेदी-विक्री : जोडधंदा म्हणून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोकरी सांभाळून जुन्या मोटारी घ्यायच्या, थोडी डागडुजी करून विकायच्या आणि मधला फरक कमवायचा, हा व्यवसाय लांबून सोपा दिसतो, कारण लांबून फक्त खरेदीची आणि विक्रीची किंमत दिसते. मधले टायर, बॅटरी, एजंटाचे पैसे, अडकून पडलेले भांडवल आणि मुख्य म्हणजे या काळात गाडी कायद्याच्या दृष्टीने कोणाची आहे, हा प्रश्न दिसत नाही. महाराष्ट्रात खाजगी मोटारींचा असा जोडधंदा करू पाहणाऱ्या नवख्या माणसाने कोणत्या क्रमाने काय करावे, ते पुढे दिले आहे. या क्रमात प्रत्यक्ष गाडी पाहण्याची पाळी बरीच उशिरा येते आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे.

आधी आपली भूमिका ठरवावी

बाजारात सर्रास चालणारी पद्धत अशी आहे : विकणाऱ्याला पूर्ण पैसे द्यायचे, त्याच्याकडून गाडीच्या हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे ज्यांना सगळे ‘टीटी फॉर्म’ म्हणतात त्यांवर, कोऱ्या सह्या घ्यायच्या, खरेदीदाराचे नाव रिकामे ठेवायचे आणि गिऱ्हाईक मिळाले की त्याचे नाव भरून गाडी थेट त्याच्या नावावर करायची. यात हस्तांतराचा एक खर्च वाचतो आणि मालकांची संख्याही एकाने वाढत नाही. नवख्याने मात्र या पद्धतीपासून दूरच राहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती परिवहन कार्यालयाला देणे आवश्यक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यातील मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती, परंतु नोंद मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. आपल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीने काही झाले, तर ज्याने विश्वासाने कोऱ्या सह्या दिल्या तो मनुष्य न्यायालयाच्या फेऱ्या मारणार आणि तो सर्वप्रथम आपल्याला शोधत येणार, हे त्यातून स्पष्ट होते.

मग सरळ मार्ग तीन उरतात. पहिला म्हणजे निव्वळ मध्यस्थी : गाडी विकत घ्यायचीच नाही, विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून द्यायची, कागदपत्रांचे काम पार पाडायचे आणि आधी ठरलेले कमिशन घ्यायचे. दुसरा म्हणजे गाडी रीतसर आपल्या नावावर करून घेणे आणि नंतर विकणे. यात ‘फर्स्ट ओनर’ गाडी ‘सेकंड ओनर’ होते आणि तिचा भाव थोडा पडतो. तो फटका खरेदीच्या भावातच धरून ठेवावा. तिसरा मार्ग अधिकृत विक्रेता होण्याचा. केंद्र सरकारने नियमांत केलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बदलांनुसार जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्याने फॉर्म २९-ए मध्ये अर्ज करून परिवहन कार्यालयाकडून पाच वर्षांसाठी प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. असे पत्र असलेल्या विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना मालकाने फॉर्म २९-सी मध्ये दिली की तो विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक समजला जाणारा, ठरतो. त्यानंतर हस्तांतराचा वा ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज तोच करू शकतो. मात्र ती गाडी त्याला चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते.

माझे मत असे की पहिले काही व्यवहार मध्यस्थीने करावेत, नंतर एका वेळी एकच गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी आणि हा व्यवसाय नियमित होणार असे दिसू लागताच प्राधिकारपत्रासाठी अर्ज करावा. सरकारी नोकरांनी यापैकी काहीही करण्यापूर्वी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहावेत, कारण खाजगी व्यापारावर त्यात निर्बंध आहेत. खाजगी कंपनीत असणाऱ्यांनी आपले नियुक्तीपत्र एकदा काढून वाचावे.

कोणत्या गाड्या घ्याव्यात

ज्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि जिची किंमत चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगू शकतो, तीच नवख्याची गाडी. वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन, बलेनो यांसारख्या लहान पेट्रोल मोटारी लवकर विकल्या जातात. पुणे, मुंबई, नाशिक या पट्ट्यात कंपनीची सीएनजी असलेल्या गाडीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे की नाही आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी झाली आहे की नाही, हे मात्र पाहावे. मोठ्या जर्मन गाड्या, जुन्या स्वयंचलित गिअरच्या गाड्या आणि पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आणलेल्या टॅक्सी यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांचा मोह अनेकांना होतो. परंतु तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र, इथला वाहन कर, नवा एमएच क्रमांक आणि त्यासाठी लागणारा वेळ हे सर्व मिळवून पाहिले की स्वस्ताई फारशी उरत नाही.

नव्या गाड्यांच्या भावावर लक्ष असणेही आवश्यक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवरील (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की तिची दोन-तीन वर्षे जुनी बहीण त्याच दिवशी स्वस्त होते. ज्यांच्या दारात त्या आठवड्यात माल उभा होता, त्यांना हे वेगळे सांगावे लागले नसेल. म्हणून फार नवी गाडी घेण्यापेक्षा सहा ते नऊ वर्षे वयाची गाडी घेणे नवख्याला अधिक सुरक्षित असते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण, योग्यता तपासणी व पर्यावरण कर या गोष्टी येतात. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षात असलेली गाडी घेताना गिऱ्हाईक हीच आकडेमोड करणार, हे धरून चालावे.

खरेदीच्या वेळेलाही महत्त्व आहे. पितृपक्षात लोक गाडी घेत नाहीत, त्यामुळे ज्याला विकण्याची घाई आहे त्याला त्या पंधरवड्यात फारसे फोन येत नाहीत. तेव्हा घेतलेली गाडी दसरा-दिवाळीपर्यंत तयार करता येते. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या आधीच्या आठवड्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. गाड्या मिळण्याचे सर्वांत चांगले ठिकाण म्हणजे आपल्या ओळखीचे वर्तुळ : सोसायटीत बदली झालेले कुटुंब, निवृत्त झाल्यावर गाडी चालवणे सोडलेले गृहस्थ, नवी गाडी घेताना शोरूमने जुन्या गाडीचा भाव फार कमी लावल्याने नाराज असलेला सहकारी. बँकांच्या जप्त गाड्यांचे लिलाव आणि विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या या अनुभवी लोकांसाठी आहेत.

गाडी पाहण्यापूर्वी कागद पाहावेत

गाडीचा क्रमांक हाती आला की घरबसल्या पहिली चाळणी लागते. एमपरिवहन अॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची व पीयूसीची मुदत आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर थकलेला दंड दिसतो. तो भरून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावे. चोरीच्या गाडीची शंका दूर करण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर शोध घेता येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, हे विचारावे. ती नसल्यास हस्तांतर, बोजा उतरवणे यांसारखी कामे अडतात. मोटारीसाठी ती ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढ्या किमतीत बसते, त्यामुळे प्रश्न पैशांपेक्षा वेळेचा आहे.

बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ‘कर्ज कधीच फिटले आहे, फक्त आरसीवरून काढायचे राहिले आहे’ हे वाक्य वारंवार ऐकायला मिळते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. तरीही ते काम विकणाऱ्यानेच करून द्यावे, कारण बँकेत त्याची ओळख चालते, आपली नाही. मालक हयात नसेल तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर व्हावी लागते. वारस चार असतील आणि त्यांपैकी एक परदेशात असेल, तर ती गाडी सोडून द्यावी.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी दिवसा, कोरडी असताना आणि इंजिन थंड असताना पाहावी. आदल्या दिवशीच मालकाला सांगावे की सकाळी गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावला तर ते पाळले गेले आहे का, ते कळते. गरम करून ठेवलेल्या इंजिनामागे काहीतरी कारण असते.

सुरुवात बाहेरून करावी. मागच्या दिव्यापाशी वाकून गाडीच्या कडेने पुढे पाहिले की पत्र्यावरची लाट आणि रंगाच्या छटेतील फरक दिसतो. त्यानंतर दरवाजा उघडून चौकटीवरचे काळे रबर हाताने ओढून थोडे बाजूला करावे. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर तेथे ठरावीक अंतरावर छोटे गोल वेल्डिंगचे ठसे असतात. ते ठसे पुटीने बुजलेले असतील, अंतर वेडेवाकडे असेल किंवा तेथे सलग वेल्डिंगची रेघ असेल, तर पिलर (छत पेलणारा खांब) कापून जोडलेला आहे आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट कधीतरी काढले गेले आहे. एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही, परंतु मग आतला अॅप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) आणि रेडिएटरचा वरचा पट्टा बारकाईने पाहावा. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा पाहणे कोणी टाळू नये. बंपर रंगवलेला असणे ही पुण्या-मुंबईत अगदी सामान्य गोष्ट आहे आणि तिचा बाऊ करण्याचे कारण नाही.

काचांच्या कोपऱ्यात निर्मात्याची खूण आणि वर्षाचा संकेत छापलेला असतो; एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूचा इतिहास विचारावा. टायरच्या कडेला चार आकडी संकेत असतो : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी ३२ हजार किलोमीटर चालली आहे असे मीटर सांगते आणि चारही टायर २०२३ चे आहेत, तर एवढ्या कमी चालीत टायर का बदलावे लागले, हा प्रश्न सरळ विचारता येतो. मीटर मागे फिरवण्याचा प्रकार आजही चालतो. त्यावर उपाय म्हणजे पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाच्या आसनाची दरवाजाकडील कड यांचा मीटरशी मेळ घालणे. शक्य असल्यास मालकाला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढाव्यात. मालकाने याला आढेवेढे घेतले तर तेही एक उत्तरच समजावे.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्याची सवय महाराष्ट्रात तरी प्रत्येकाने लावून घ्यावी. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्यांसारख्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विक्रीला येऊ शकतात आणि आरसीवर त्याचा काही माग राहत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा, कारण गुंडाळीतील शेवटचा हातभर पट्टा सहसा कोणी धूत नाही. त्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. आसनाखालच्या रुळांवरचा गंज, फ्यूज पेटीतील बारीक माती आणि एसी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला येणारा कुबट वास या पुढच्या खुणा. एवढ्या नव्या गाडीत इतका तीव्र अत्तराचा वास कशासाठी, अशी शंका आली तर ती दाबू नये.

इंजिन सुरू केल्यावर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थांबतच नाही असा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जाते आहे आणि खर्च मोठा आहे. ऑइलचे झाकण उघडल्यावर आतून धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत. नंतर गाडी चालवावी : खराब रस्त्यावर सस्पेन्शनचा आवाज, चढावर क्लच घसरतो का, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढते का. शेवटी आपला मेकॅनिक न्यावा आणि त्याला तपासणीचे पैसे द्यावेत, मग गाडी घेतली जावो वा न जावो. व्यवहार झाला तरच पैसे मिळणार असतील, तर त्याला गाडी नेहमीच चांगली वाटणार.

भाव उलट्या दिशेने काढावा

समजा, एक २०१७ ची पेट्रोल वॅगन आर आपल्या भागात वास्तविक ३,४५,००० रुपयांना विकली जाईल. जाहिरातीतील भाव हा विकणाऱ्याची इच्छा असतो, म्हणून जाहिरात लागल्यानंतर किती दिवस ती तशीच राहते, हे पाहून खरा भाव ठरवावा. आपण ती २,८५,००० ला घेतली. हस्तांतर आणि एजंट यांचे ७,०००, नोंदणी पाटीचे ९००, दोन टायरचे ८,०००, बॅटरीचे ४,५००, सर्व्हिसिंग आणि ब्रेक पॅडचे ६,५००, एका बाजूच्या रंगकामाचे ५,०००, आतील सफाई व पॉलिशचे ४,०००, जाहिरात आणि इंधनाचे २,०००, आणि दोन महिने अडकलेल्या भांडवलावर १२ टक्क्यांनी ५,७०० रुपये व्याज. बेरीज ४३,६०० होते आणि हातात १६,४०० उरतात. गाडी आणखी दोन महिने उभी राहिली आणि शेवटी दहा हजार कमी करावे लागले, तर उरतात ७०० रुपये. म्हणून विक्रीच्या खऱ्या भावातून खर्च, अपेक्षित नफा आणि न दिसलेल्या दुरुस्तीसाठी काही रक्कम वजा करून खरेदीची कमाल किंमत काढावी, ती कागदावर लिहावी आणि समोर चहा आला तरी बदलू नये.

दुरुस्तीबाबत एवढेच सांगणे पुरे की सुरक्षिततेचे आणि आवाजाचे काम करावे. मोठ्या अॅलॉय चाकांवर, सीट कव्हरवर आणि संगीतयंत्रणेवर घातलेले पैसे गिऱ्हाईक परत देत नाही.

व्यवहार, विमा आणि कर

टोकन देताना रक्कम, शिल्लक, हस्तांतराची मुदत आणि व्यवहार फिसकटल्यास टोकनचे काय, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा पॉलिसी आपल्या नावावर नसेल तर अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्यापाशीच राहतो, तेव्हा फरकाचा हप्ता भरावा लागेल.

यातला नफा हे व्यवसायाचे उत्पन्न आहे; पगारदारांचे ‘सहज’ विवरणपत्र त्या वर्षी चालत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जुन्या मोटारीवर २५ जानेवारी २०२५ पासून १८ टक्के दर लागतो, पण तो पूर्ण किमतीवर नसून खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो आणि तोट्यात विकल्यास लागत नाही. फरक म्हणजे निव्वळ नफा नव्हे. वरच्या उदाहरणात फरक ६०,००० आहे, त्यावरचा कर नऊ ते अकरा हजारांच्या घरात जातो आणि दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. राज्यात वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक ४० लाख रुपयांची आहे. तिच्या जवळ जाण्यापूर्वी सनदी लेखापालाला भेटावे.

विक्री आणि ताबा

छायाचित्रे सकाळच्या उजेडात काढावीत आणि ओरखड्याचेही एक छायाचित्र द्यावे, कारण त्यामुळे निरर्थक फेऱ्या वाचतात. रंगकाम झाले आहे, ठोकर बसली होती, दुसरी किल्ली नाही, हे जाहिरातीतच लिहावे. चाचणीसाठी गाडी देताना परवाना पाहावा आणि स्वतः बाजूला बसावे.

भाव ठरला की खरेदीदाराचे आधार आणि पॅन यांच्या प्रती, संपूर्ण भरलेले फॉर्म २९ आणि ३०, तसेच ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोन प्रतींत तयार करावी. ‘गाडी आज द्या, नावावर पुढच्या महिन्यात करतो’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवावे आणि हस्तांतराचा ऑनलाइन अर्ज आपल्यासमोर, आपल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने दाखल होईपर्यंत किल्ली देऊ नये. त्यानंतरही दर आठवड्याला परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहावी आणि आरसीवर नवे नाव आल्याची प्रत व्यवहाराच्या फाइलमध्ये लावावी. ही प्रत मिळेपर्यंत पुढच्या गाडीसाठी टोकन देऊ नये.